थळघाट आणि मालमोटार हाकणाऱ्यांची विद्या

गोदाकाठचे व्याख्यान आटोपून घरी निघालेल्या श्रोत्यांपैकी पुष्कळांना द्वारकेपाशी आग्रा रस्ता ओलांडावा लागतो. रात्रीचे दहा वाजून गेलेले असतात. शहर निजानीज करण्याच्या बेतात असते आणि नेमक्या त्याच वेळी ह्या रस्त्याची खरी वर्दळ सुरू होते. डोक्यावरील पुलावरून एकामागून एक मालमोटारी मुंबईच्या दिशेने जात असतात. कुणात लासलगाव-पिंपळगावचा कांदा, कुणात मनमाडजवळच्या पानेवाडीहून भरलेले डिझेल, कुणात थेट इंदूर-ग्वाल्हेरकडून आलेला माल. आपण त्यांच्याकडे पाहतो ते रस्ता केव्हा मोकळा होईल एवढ्यापुरतेच. त्या चाकामागे बसलेला मनुष्य तासा-सव्वा तासाने एका अवघड घाटाच्या तोंडाशी पोहोचणार आहे, आणि तो घाट सुखरूप उतरण्याची विद्या त्याला कोठल्याही शाळेने शिकविलेली नाही, हे आपल्या ध्यानीमनीही नसते.

नाशिकच्या इतिहासावर बोलावयाचे तर विषयांना तोटा नाही. पंचवटी आहे, पांडवलेणी आहेत, पेशवाईतील वाडे आहेत, स्वातंत्र्याच्या चळवळी आहेत. ह्या सर्वांवर आमच्याहून अधिकारी मंडळींनी बोलून ठेवले आहे. आम्ही निवडलेला विषय त्या मानाने धुळीचा आणि डिझेलच्या वासाचा आहे. परंतु ज्या शहराचे पोट गेली सत्तर-ऐंशी वर्षे आग्रा रस्त्यावर चालले आहे, त्या शहराने हा रस्ता चालविणाऱ्यांच्या कसबाची एकदा तरी विचारपूस करावी, असे आम्हांस वाटते. रस्त्यांचा इतिहास लिहिला गेला आहे. वाहनांचाही लिहिला गेला आहे. हाकणाऱ्याचा मात्र लिहिला गेलेला नाही. त्याच्यामागे कागद राहतो तो एक परवान्याचा. तो काय हाकू शकतो हे त्यात लिहिलेले असते. ते तो कोणाकडून शिकला, हे नसते.

आधी घाटाविषयी थोडे. इगतपुरी समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. तेथून कसाऱ्याच्या बाजूस कोकणात उतरणारी जी वाट, तिला जुने लोक थळघाट म्हणत. आजच्या बोलण्यात तो कसारा घाट झाला आहे. लमाणांचे तांडे ह्या घाटांनी बैलांच्या पाठीवरून माल नेत असत, आणि पुढे खानदेश-वऱ्हाडचा कापूस बैलगाड्यांतून मुंबईस जाऊ लागला. उतारावर गाडीचे चाक बांधून ते घसरत न्यावयाचे, चढावर जास्तीची जोडी जुंपावयाची, ही त्या काळची घाटविद्या. ती बापाकडून मुलाकडे जात असे.

मग आगगाडी आली. १ जानेवारी १८६५ रोजी थळघाटाचा लोहमार्ग सुरू झाला आणि बैलगाड्यांचा लांबचा व्यापार पाहता पाहता बसला. आगगाडीने घाटाशी जो व्यवहार केला तो मात्र आमच्या विषयाच्या दृष्टीने मोठा बोधक आहे. सदतीस फुटांस एक फूट असा हा चढ. तो चढताना गाडीला मागून जादा एंजिने लावावयाची, आणि खाली सोडण्यापूर्वी इगतपुरीस थांबवून ब्रेक तपासावयाचे, अशी शिस्त रेल्वेने घालून दिली. म्हणजे घाटात एकट्या ड्रायव्हरच्या हुशारीवर विसंबावयाचे नाही, हे रेल्वेने पहिल्यापासून ठरविले. त्याच डोंगरावरून, हाकेच्या अंतरावर, पुढे मोटारीचा रस्ता वाहू लागला. तेथे मात्र सारा भरवसा एका माणसाच्या दोन हातांवर आणि दोन पायांवर टाकला गेला.

मोटारी आल्या तेव्हा रस्ते त्यांच्यासाठी तयार नव्हते. सरकारने १९२७ साली रस्त्यांच्या विकासाचा विचार करण्यासाठी एक समिती नेमली. तिचे अध्यक्ष आपले बॅरिस्टर मुकुंदराव जयकर, जे पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. पेट्रोलवर जादा कर बसवावा आणि तो पैसा रस्त्यांसाठीच राखून ठेवावा, असे ह्या समितीने सुचविले. त्याप्रमाणे १९२९ पासून गॅलनमागे २ आणे घेऊन रस्तेनिधी उभा राहिला. १९४३ साली नागपूरला देशातील मुख्य अभियंत्यांची परिषद भरली आणि राष्ट्रीय, प्रांतिक, जिल्हा व ग्राम अशी रस्त्यांची वर्गवारी ठरली. त्या वर्गवारीतून पुढे आग्रा रस्ता राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ३ झाला. तो क्रमांक २०१० च्या फेररचनेत गेला. आमच्या तोंडी ‘आग्रा रोड’च राहिला. ह्या साऱ्या खटपटीत रस्त्याची रुंदी, खडी, पूल, कर ह्यांचा विचार झाला. ह्या रस्त्यावरून गाडी नेणारा माणूस कोठून यावयाचा, हा प्रश्न फारसा कोणाला पडलेला दिसत नाही.

तो आला फौजेतून, असा आमचा तर्क आहे. निदान त्याची पहिली मोठी तुकडी तरी तेथूनच आली असावी. दुसऱ्या महायुद्धात फौजेने हजारो खेडवळ तरुणांना मोटार हाकावयास शिकविले. युद्ध संपले तेव्हा फौजेच्या वापरलेल्या शेव्हरले आणि फोर्ड गाड्या विक्रीस निघाल्या, आणि त्या चालविणारे हातही त्याच सुमारास मोकळे झाले. शेजारीच देवळालीची छावणी असलेल्या नाशिकला ह्या दोन्ही गोष्टींचे अप्रूप नव्हते. युद्धकाळात पेट्रोल मिळेना तेव्हा येथील गाड्या कोळशाच्या गॅसवर चालत. पहाटे उठून आधी भट्टी पेटवावयाची, गॅस धरला की मग गाडी, अशी त्या वेळच्या ड्रायव्हरची दिनचर्या होती. फौजेत शिकलेली ही पिढी गेली. तिने शिकविलेले मागे राहिले. दरम्यान १ जून १९४८ रोजी पुणे-नगर मार्गावर सरकारी एस.टी. सुरू झाली. एस.टी.ने चालक निवडला, शिकविला, पारखला आणि त्याची नोंद ठेवली. मालमोटारीच्या वाट्याला असे काही आले नाही.

१९५४ साली टाटांनी मर्सिडीज-बेंझच्या सहकार्याने जमशेदपूरला डिझेलच्या मालमोटारी बनविण्यास आरंभ केला आणि लांब पल्ल्याची वाहतूक खऱ्या अर्थाने उभी राहिली. ह्या गाड्या कारखान्यातून निघत त्या बहुधा नुसत्या सांगाड्यानिशी. केबिन गावोगावचे सुतार-लोहार बांधून देत. लाकडी फळ्या, वर पत्रा, समोर देवाची तसबीर, मागे ‘हॉर्न ओके प्लीज’. (ही अक्षरे राज्याच्या परिवहन खात्याने २०१५ साली बंद केली, तरी ती पुसली गेली असे म्हणवत नाही.) शेजारी धगधगणारे एंजिन आणि बसावयास कडक फळी, अशा खोलीत माणसाने दिवसाचे बारा-चौदा तास काढावयाचे. मोठ्या मालमोटारींत चालकाची केबिन वातानुकूलित असावी हा नियम लागू झाला तो १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या गाड्यांना. एकाहत्तर वर्षे लागली.

तर शाळा नाही, मग विद्या चालली कशी? ती चालली क्लीनरच्या आसनावर. बोलीत ज्याला किन्नर म्हणतात तो पंधरा-सोळा वर्षांचा पोरगा गाडीवर यावयाचा, ड्रायव्हरला उस्ताद म्हणावयाचा, आणि पहिली दोन वर्षे चाकाला हात लावण्याची गोष्टही काढावयाची नाही. रेडिएटरमध्ये पाणी घालणे, काच पुसणे, थांबलो की चाकामागे दगड लावणे ही त्याची बाराखडी. मग लोखंडी पहारीने एकेक टायर ठोकून आवाज ऐकावयाचा. भरलेला टायर एक बोलतो, हवा उतरलेला दुसरे; मागच्या जोडचाकांत आतला टायर बसला तर तो डोळ्यांना दिसत नाही, कानालाच कळतो. जोडचाकांच्या मधे अडकलेला दगड काढावयाचा. ताडपत्री ओढून रस्सा असा आवळावयाचा की नाशिकला बांधलेला माल इंदूरला तसाच उतरावा. पुढे अड्ड्यावर गाडी मागे घेणे. मग माळरानाच्या सरळ रस्त्यावर, रिकामी गाडी, उस्ताद शेजारी जागा. कायद्याच्या दृष्टीने हा गुन्हाच. परंतु ह्या धंद्यातील बहुतेकांची मुंज अशीच लागली आहे. आणि घाट सर्वांत शेवटी. आधी चढावयाचा, मग उतरावयाचा. आधी रिकाम्या गाडीने, मग भरल्या.

घाट कसा उतरतात हे पाहावे म्हणून आम्ही एकदा आडगावहून भिवंडीपर्यंत एका मालमोटारीच्या केबिनमध्ये बसून गेलो. कांद्याचा माल होता. चालक पन्नाशीचे, नांदगावकडचे गृहस्थ. इगतपुरी मागे पडल्यावर ते गप्प झाले. घाटाच्या तोंडाशी येण्यापूर्वीच, अजून रस्ता सपाट असतानाच, त्यांनी वेग पाडला आणि गाडी खालच्या गिअरात घेतली. “उतार लागल्यावर गिअर शोधायचा नाही साहेब,” ते म्हणाले. “ज्या गिअरात भरली गाडी हा घाट चढते, त्याच गिअरात ती उतरवायची. जमलं तर त्याच्याही खालच्या.”

ह्या एका वाक्यात सगळे बसले आहे. खालच्या गिअरात एंजिनच गाडीला धरून ठेवते; पाय ब्रेकवर न ठेवता गाडी आपल्या चालीने उतरते. आजच्या गाड्यांना धुराची वाट अडवून एंजिनाचा हा अटकाव वाढविण्याची कळही असते. वेग ठरावीक मर्यादेपलीकडे जाऊ लागला की ब्रेक ठाम दाबावयाचा, वेग पाडावयाचा आणि पाय पूर्ण काढून घ्यावयाचा. नवशिका करतो ते नेमके उलटे: वरच्या गिअरात उतरतो आणि पाय हलकासा ब्रेकवर सारखा ठेवून देतो. त्याला वाटते आपण सावध आहोत. खाली ढोल तापत असतात. तापलेला ढोल फुगतो, पट्ट्यांपासून दूर जातो, पट्ट्यांची पकडही उष्णतेने सुटते, आणि तिसऱ्या-चौथ्या वळणावर पायाखालचा ब्रेक पोकळ लागतो. वर्तमानपत्रात आपण ‘ब्रेक निकामी झाल्याने’ असे वाचतो. पुष्कळदा ब्रेक घाटमाथ्यावर शाबूत असतो. निकामी होण्याची सुरुवात गिअरच्या निवडीपासून झालेली असते.

थोडा हिशेब केला तर ही गोष्ट नीट पटेल. साडेअठरा टन वजनाची गाडी ३०० मीटर खाली उतरते तेव्हा जी शक्ती मोकळी होते तिने सुमारे पावणेदोनशे लिटर साधे पाणी उकळीस येईल. त्यातली काही वारा खातो, काही रस्ता खातो. उरलेली एक तर एंजिनाने सोसली पाहिजे, नाही तर ब्रेकच्या ढोलांनी. पावणेदोनशे लिटर पाण्याचा बंब त्या चार-सहा ढोलांखाली पेटवावयाचा की नाही, हे उतार लागण्यापूर्वी पाचशे पावलांवर ठरते.

जुन्या गाड्यांत तर हे ठरविणेही सोपे नव्हते. त्यांच्या गिअरांचे दाते आपोआप जुळत नसत. खालचा गिअर घ्यावयाचा म्हणजे क्लच दाबून गाडी आधी न्यूट्रलला आणावयाची, क्लच सोडावयाचा, एंजिनाला रेस देऊन त्याची गती वाढवावयाची, पुन्हा क्लच दाबावयाचा आणि मग दांडा पुढे सरकवावयाचा. हे सारे एका श्वासात. रेस कमी पडली तर दाते कचकन ओरडतात आणि गिअर पडत नाही. अशा वेळी उतारावर गाडी मोकळी सुटते. म्हणून जुने उस्ताद पोराला आधी एंजिनाचा आवाज ऐकावयास शिकवीत. वेगाचे काटे असले काय आणि नसले काय, आवाजावरून गिअर कळला पाहिजे. डिझेल वाचविण्यासाठी घाटात गाडी न्यूट्रलला टाकणाऱ्या ड्रायव्हरबद्दल आमचे सोबती जे बोलले ते येथे छापण्याजोगे नाही.

पावसाळ्यात ह्या घाटात ढग रस्त्यावर उतरतात. तेव्हा पुढच्या गाडीचे तांबडे दिवे धरून चालणे हा मोह असतो आणि तो घातक असतो. पुढचा चुकला की मागचा त्याच्या मागोमाग दरीत. डावीकडचा पांढरा पट्टा धरावा. अरुंद घाटरस्त्यावर चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यावी, हा नियम पुस्तकातही आहे. पण तो का, हे चढावर भरली गाडी थांबवून पुन्हा उचलून पाहिल्याशिवाय कळत नाही.

मालाप्रमाणे विद्या बदलते. कांदा वाऱ्यावाचून सडतो, म्हणून ताडपत्री बांधावयाची खरी, पण गोण्यांना श्वास राहील अशी. टँकर अर्धा भरलेला असेल तर आतले तेल ब्रेकसरशी पुढे धावते आणि गाडीला धक्का देते. पानेवाडीचे चालक म्हणून ब्रेक दोन टप्प्यांत लावतात. १९८९ साली न्हावा-शेवा बंदर सुरू झाले आणि पुढे नाशिकची द्राक्षे थंड कंटेनरांतून तिकडे जाऊ लागली. त्याबरोबर जोडगाडी आली. ती मागे घेताना चाक उलटे फिरवावे लागते, आणि निसरड्यावर जोराचा ब्रेक लावला तर पुढचा भाग व मागचा भाग चाकूसारखे मिटतात. वीस वर्षे साधा ट्रक हाकलेल्या माणसालाही येथे पुन्हा बाराखडीपासून आरंभ करावा लागला.

जादा मालाचा दोष आपण चालकाच्या माथी मारतो. माल तो भरीत नाही. भरणारा निराळा असतो आणि फेरी नाकारण्याची ऐपत चालकाला नसते. १९५८ ते १९६० ह्या काळात अमेरिकेत इलिनॉय राज्यात रस्त्यावरून सतत गाड्या फिरवून एक मोठी चाचणी घेतली गेली. आसावरचे वजन दुप्पट केले तर रस्त्याची हानी दुप्पट नव्हे, सुमारे सोळापट होते, असे तीतून दिसून आले. आपल्याकडे २०१८ साली दोन आसांच्या मालमोटारीची एकूण वजनाची मर्यादा १६.२ टनांवरून १८.५ टनांवर नेण्यात आली. व्यापाराच्या दृष्टीने ते योग्य असेलही. मघाच्या बंबात मात्र तेवढे पाणी वाढले.

कायद्याने ह्या माणसाकडे अगदीच पाहिले नाही असे नाही. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात सलग पाच तासांनंतर अर्ध्या तासाची विश्रांती सांगितली होती. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाचे ८ तास व आठवड्याचे ४८ तास ठरविले, लांबच्या मार्गावर परवानगीने १० व ५४. नियम उत्तम आहे. परंतु नाशिकहून निघून तिसऱ्या दिवशी दिल्लीच्या मंडईत कांदा उतरावयाचा असेल तेव्हा घड्याळ कोणाच्या हातात असते, हे लासलगावच्या कोणाही व्यापाऱ्याला विचारावे. त्यात जकातनाक्यांवरच्या रांगा होत्या. मुंबईची जकात १ जुलै २०१७ रोजी गेली तेव्हा कोठे मुलुंडच्या नाक्यावरची ती रात्र-रात्रभराची ताटकळ संपली.

१९८८ च्या कायद्याने चालकाचे किमान वय २० ठेवले, आधी वर्षभर हलक्या गाडीचा परवाना हवा असे म्हटले. काही वर्षे आठवी उत्तीर्ण असण्याचीही अट होती, ती २०१९ साली काढून टाकली. ती काढली हे बरेच झाले, असे आमचे मत आहे. आठवीच्या पुस्तकात घाट नव्हता. पण तिच्या जागी काय ठेवले, हा प्रश्न राहतोच. पुण्यास भोसरीला १९६७ पासून मार्ग परिवहनाची केंद्रीय संस्था आहे, तिचे काम चांगले आहे. सगळ्या देशाची तहान अशा दहा-वीस विहिरींनी भागत नाही.

जानेवारी २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत आपल्या जिल्ह्याने ह्या माणसाचे महत्त्व अचानक ओळखले. अपघातात मृत्यू घडवून खबर न देता पळून जाणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद नव्या न्याय संहितेत आली होती. तिच्या निषेधार्थ पानेवाडीच्या टँकरचालकांनी गाड्या उभ्या केल्या आणि नाशकात पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या. जखमीला रस्त्यात टाकून पळणे हे कोणत्याही काळी क्षम्य नाही. जमाव आधी मारतो आणि मग विचारतो, हेही तितकेच खरे. सरकारने बोलणी केली, आणि १ जुलै २०२४ रोजी संहिता लागू झाली तेव्हा ते पोटकलम तेवढे बाजूस ठेवले. त्या दोन दिवसांत शिक्षेविषयी पुष्कळ बोलले गेले. शिक्षणाविषयी कोणी बोलल्याचे आमच्या तरी ऐकिवात नाही.

दरम्यान घाटही मागे पडू लागला आहे. ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला. इगतपुरीजवळच्या पावणेआठ किलोमीटरच्या बोगद्यातून गाडी आता वळणे न घेता डोंगर उतरते. त्याच वर्षीच्या जुलैत वाहतूकदारांनी जो संप केला त्यात, अवजड वाहनावर क्लीनर ठेवण्याची सक्ती रद्द करावी, ही एक मागणी होती. मागणीला कारणे आहेत. नव्या गाड्या बिघडत नाहीत, माणूस परवडत नाही, आणि मुलेही ह्या कामाला येत नाहीत. कोणा बापाने आपला मुलगा दोन वर्षे टायर ठोकण्यास पाठवावा असे आम्ही तरी म्हणणार नाही.

त्या रात्री घाट उतरून कसाऱ्यापाशी आमची गाडी एका चहाच्या टपरीवर थांबली. चालकांनी खाली उतरून एकेका चाकाशी हाताचा पंजा नेला, न टेकविता, नुसती धग पाहिली. पाणी मारावयाचे काय, असे आम्ही विचारले. “नाही साहेब, तापल्या ढोलावर पाणी पडलं की तो तडकतो. आपसूक गार होऊ द्यायचा.” हे तुम्हांला कोणी शिकविले, असे विचारता त्यांनी आपल्या उस्तादाचे नाव घेतले आणि कानाच्या पाळीला हात लावला. मग आम्ही विचारले, तुम्ही कोणाला शिकविलेत? त्यांनी तिघांची नावे सांगितली. तिसऱ्याला गाडीवरून उतरून सहा वर्षे झाली होती. पुन्हा केबिनमध्ये चढताना आमच्या ध्यानात आले की आडगावपासून आम्ही ज्या आसनावर बसून आलो होतो ते क्लीनरचे होते. त्याखाली लोखंडी पहार ठेवलेली होती, आणि तिच्यावर चांगलाच गंज चढला होता.